मास्तराचा हात

दि. ३ सप्टेंबर

तीर्थरूप मामास,

भिंगरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि. साष्टांग कागदावरच घालते आहे, कारण इथे जिकडेतिकडे चिखल आहे आणि माझा धुतलेल्या कपड्यांचा एकच जोड उरलाय.

पोचले, बरी आहे, जेवते आहे. हे आईलाही कळव. फोनवर बोलायचं तर इथे पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि चढले तरी तू कुठे फोन उचलतोस? बाइंडिंगच्या दुकानात खळीचे हात असतात म्हणे तुझे. म्हणून पत्र. नोकरीची पहिली नेमणूक झाली की पहिलं पत्र मामाला लिहायचं, असं मी दहावीतच ठरवलं होतं. का ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही.

मामा, हे गाव म्हणजे चौतीस तळी आणि त्यांच्या मधून उरलेली जमीन. बांध इतके अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने थांबून दुसऱ्याला वाट द्यायची. सकाळी धुकं उतरतं तेव्हा पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. माणसं धुक्यातून कमरेपासून वरचीच दिसतात, जणू तरंगत चालली आहेत. माझी खोली माशांच्या खाद्याच्या गोदामावर आहे. एक खाट, एक लंगडं टेबल आणि तळ्याकडे उघडणारी खिडकी. पहाटे जाग येते तेव्हा पाण्यावरचा उजेड छतावर हलत असतो आणि अर्धा मिनिट कळतच नाही की मी पाण्याच्या वर आहे की खाली. मला ते अर्धं मिनिट फार आवडतं.

कामाचं सांगते. इथे तळ्यात शेण घालतात, त्याने पाणी हिरवं होतं, आणि तो हिरवेपणा म्हणजेच माशांचं अन्न. पण हिरवं अति झालं की तेच दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री सगळा पिऊन टाकतं, मग पहाटे मासे गुदमरतात. म्हणून मी पांढरी ताटली आणलीय, खुणा केलेल्या दोरीला बांधलेली. ती पाण्यात सोडायची आणि कुठल्या खुणेला दिसेनाशी होते ते बघायचं. लवकर दिसेनाशी झाली तर शेण बंद. इतकं सोपं आहे. पण हे तुला मी कशाला सांगते? आई म्हणते तू दोन वर्षं याच मत्स्यखात्यात होतास. एवढ्या वर्षांत एक अक्षर बोलला नाहीस, आणि विषय निघाला की मामी चहा टाकायला उठते.

तर मी तीन दिवस वर्ग घेतला. पुरुष आले, मागे बसले, माना हलवल्या. चौथ्या दिवशी तळ्यांवर फिरले तर कुणीच काही केलेलं नाही. मग कळलं, इथे तळ्याचं सगळं काम बायकांकडे. पुरुष मासे बाजारात नेतात, तेवढाच त्यांचा पाण्याशी संबंध. तीन दिवस मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते. हस पोटभर.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या चुका वाचूनही टिकवावा.

तुझी,
भिंगरी

दि. ११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. हसलो. मामीला वाचून दाखवलं, तीही हसली आणि मग चहा टाकायला उठली.

दुकानात सध्या शाळांच्या नकाशाच्या वह्या आल्या आहेत. जगातले सगळे समुद्र माझ्या टेबलावर ढिगाने पडलेत आणि मी त्यांच्या कडा कापतो आहे. कागदाचं एक बरं असतं, जिथे मोजशील तिथेच तो कापला जातो. पाण्याचं तसं नसतं.

बायकांना शिकव. वर्ग घेऊ नकोस, त्यांचं काम चाललं असेल तिथे जा आणि त्यांच्याहून खालच्या पायरीवर बस. वही नेऊ नकोस, वही दिसली की माणसं खरं बोलायची थांबतात. काम करणाऱ्याच्या हातात वस्तू दे आणि त्याला ती आधी वाकडी धरू दे. एवढं मला ठाऊक आहे. त्या दोन वर्षांत सांगण्याजोगं दुसरं काही घडलं नाही.

तू गाव छान लिहिलंयस. वाचताना सगळं डोळ्यांसमोर आलं. पाणी सोडायचं दार असेल ना, सगळ्यात मोठ्या तळ्याच्या कोपऱ्यात, त्याचा खांब अजून लाकडी आहे की सिमेंटचा झाला? सहज विचारलं.

हल्ली मला एक स्वप्न पडतं. मी बांधावरून चालतो आहे, दोन्हीकडे पाणी अगदी स्वस्थ, आणि बांध संपत नाही. भीती वाटत नाही. फक्त वाटतं की कुणीतरी पुढे बसलं आहे आणि आपल्याला उशीर झालाय. म्हातारपणाची लक्षणं, दुसरं काय.

पायांना तेल लावत जा, चिखलाने भेगा पडतात. आशीर्वाद आहेतच, लागतील तसे खर्च कर.

तुझा,
मामा

दि. २० सप्टेंबर

तीर्थरूप मामास,

सा. न. वि. वि. खांब सिमेंटचा आहे. पण तो आधी लाकडी होता हे तुला कसं कळलं? विचारलं तर इथल्या बायका म्हणाल्या की लाकडी खांब कुजून पडला त्याला पंधरा वर्षं झाली. तू सहज विचारलंस तसं मीही सहजच विचारते आहे.

तुझा सल्ला मानला. वही खोलीत ठेवली, ताटली घेतली आणि खालच्या पायरीवर जाऊन बसले. बसले ती अशी की अर्धी पाण्यातच. बायका इतक्या हसल्या की ओळख तिथेच झाली.

या सगळ्यांत एक बाई आहे, तिला सगळे थोरली म्हणतात. चाळिशी उलटलेली असेल. चण लहान, माझ्या खांद्याला लागते, पण ती बांधावर आली की बोलणाऱ्या आपोआप गप्प होतात. तिने माझी ताटली हातात घेतली, उलटीसुलटी केली, छान आहे म्हणाली आणि परत दिली. म्हणाली, आमच्याकडे मास्तराचा हात असताना ताटली कशाला?

मास्तराचा हात म्हणजे एक काठी. प्रत्येक तळ्यावर एक असते. खालचं टोक चुन्याने पांढरं केलेलं, वर एक खाच. काठी उभी पाण्यात धरायची. खाच पाण्याला टेकायच्या आत पांढरं टोक दिसेनासं झालं तर शेण बंद, टेकल्यावरही दिसत असेल तर शेण घाला. म्हणजे माझी ताटलीच झाली की. मी चाटच पडले. विचारलं, हे कुणी शिकवलं? तेव्हा तिने सांगितलं ते असं.

बावीस वर्षांपूर्वी खात्याचा एक तरुण मास्तर आला होता. उंच, लांब हातांचा. त्याने पहिल्यांदा शेण घालायला शिकवलं. मोजायला काही नव्हतं म्हणून तो म्हणाला, हात पाण्यात उभा घाला, कोपर पाण्याला टेकलं आणि तळवा दिसेनासा झाला की थांबा. दाराच्या खांबाला हात लावून त्याने बोटाच्या टोकाशी आणि कोपराशी दोन खाचाही पाडून दाखवल्या. पुरुषांनी ऐकलं, घरी येऊन बायकांना सांगितलं, आणि बायकांनी आपापले हात घालून मोजलं. बायकांचे हात आखूड, मामा. त्यांचं कोपर कितीतरी आधी टेकलं. तळवा दिसतोय, घाला अजून शेण, असं करत पाणी हिरवं गर्द झालं. मग तीन दिवस आभाळ भरून राहिलं, वारा पडला, आणि एका पहाटे चौतीसच्या चौतीस तळ्यांतले मासे पोट वर करून तरंगत होते. मास्तर पहिल्या बसने निघून गेला.

पुढचं ऐक. पुरुष म्हणाले शेणच वाईट. थोरली तेव्हा नवी सून होती. ती खांबाजवळ गेली आणि तिने त्या दोन खाचांवर आपला हात लावून पाहिला. तिचं कोपर चार बोटं खाली राहिलं. तिला तिथेच कळलं की शिकवण बरोबर होती, हात चुकला. तिने खाचेपासून खाचेपर्यंत काठी कापली. तेव्हापासून ती काठी म्हणजे मास्तराचा हात.

आणि मग मी काठी हातात घेतली. मामा, टोकापासून खाचेपर्यंत ती वीतभर आणि वर दोन बोटं आहे. एवढा हात चार-पाच वर्षांच्या पोराचा असतो, उंच मास्तराचा नव्हे.

झालं असं असणार. काठीचं टोक चिखलात टेकून टेकून झिजतं. दोन-तीन वर्षांनी जुनी काठी समोर ठेवून नवी कापतात, झिजलेल्या मापाची. ती झिजली की तिच्यावरून पुढची. खांब तर कधीच गेला, मूळ माप कुठेच उरलं नाही. बावीस वर्षं मास्तराचा हात दर खेपेला थोडा थोडा आखूड होत गेला आणि पाणी त्याच्याबरोबर हिरवं होत गेलं. आता पहाटे मासे पाण्यावर तोंडं उघडून उभे राहतात. बायका म्हणतात ते हवा खायला येतात, आणि कौतुकाने त्यांना खाद्य टाकतात. ते दृश्य फार सुंदर असतं, धुक्यात शेकडो गोल तोंडं. इथे मासे जवळ येतात हे सगळ्यांना शुभ वाटतं आणि ते गुदमरताहेत हे एकटीला मला माहीत आहे.

मी थोरलीला सांगितलं की काठी झिजलीय. ती रागावली नाही. म्हणाली, चौतीस तळी घालवून आम्ही हे माप मिळवलंय, ते तुझ्या ताटलीसाठी सोडायचं?

काहीतरी सुचव. लोभ आहेच, त्यात थोडी अक्कल मिसळून पाठव.

तुझी,
भिंगरी

दि. २९ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,

मामीचे अनेक उत्तम आशीर्वाद. मामाचं पत्र का नाही म्हणून वाट बघत असशील. तो आजारी नाही. पण नकाशांच्या अकरा वह्या त्याने उलट्या बांधल्या. ज्याच्या हातून सुताएवढी चूक होत नाही त्याने समुद्र वर आणि मुखपृष्ठ खाली करून ठेवलं. शाळेचा शिपाई येऊन परत देऊन गेला तेव्हा कळलं.

तुझं पत्र आल्या दिवसापासून हे चाललंय. काल दुपारी मी दुकानात डबा घेऊन गेले तर हा कापायच्या टेबलावर शर्टाची बाही वर करून हात आडवा ठेवून बसलेला, शेजारी पट्टी. मला बघून त्याने बाही खाली केली. मी डबा ठेवला आणि आले. बावीस वर्षं मी हेच केलंय, डबा ठेवायचा आणि यायचं.

आमच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. हा भर दुपारी दारात येऊन उभा राहिला, बुटांत चिखल, हातात बॅग नाही. बॅग तिकडेच राहिली होती. उंबऱ्यावर बसला तो दिवे लागेपर्यंत. एवढंच म्हणाला की मी लोकांचं वाटोळं करून आलो. पुढे कधी काही नाही. नोकरी सोडली, दुकान घातलं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं खपली निघेल. आता वाटतं चुकलंच माझं. बाकी सगळ्या बाबतींत त्याला मी धारेवर धरते आणि नेमक्या याच बाबतीत शहाणपणा केला.

मी याहून जास्त सांगत नाही, तोच लिहील. आठ दिवसांत लिहिलं नाही तर पेन त्याच्या हातात मी कोंबेन. तू थंडीचे कपडे नेलेस का? धुकं आहे म्हणतेस.

माया आहेच, ती मोजायला कुठली काठी लागत नाही.

तुझी,
मामी

दि. २ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तो मास्तर मी.

हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला, म्हणून सुटं ठेवलंय. तुला ते कदाचित खांबाच्या प्रश्नातच कळलं असेल. तू भिंगरी असलीस तरी भोळी नाहीस.

त्या पहाटे मी याच गोदामावरच्या खोलीत होतो. खिडकी उघडली. धुकं होतं, आणि पाणी पांढरं दिसत होतं. मला वाटलं धुकंच पाण्यावर उतरलंय. छान वाटलं, क्षणभर बघत उभा राहिलो. मग धुकं हललं आणि पांढरं तिथेच राहिलं. भिंगरी, मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटते माहीत आहे का? त्या क्षणभर छान वाटलं त्याची.

हात चुकला हे मला कधी कळलंच नाही. मी बावीस वर्षं समजत होतो की शिकवण चुकली. एका नव्या सुनेने खांबाला हात लावून जे ओळखलं ते मला, शिकवणाऱ्याला, सुचलं नाही, कारण मी थांबलोच नाही. पळून गेलेल्या माणसाला काही कळत नाही हेच खरं.

सोबत कागदाची पट्टी आहे. कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात, आज मोजलेला. हाड काही झिजत नाही, तेव्हा मापात फरक नसावा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवली आहे म्हणजे ओली झाली तरी वाकणार नाही. त्यांना सांग, खात्याच्या जुन्या कागदांत सापडलं. माझं नाव काढू नकोस. ते माप त्यांना मिळालं की पुरे, माणूस मिळायची गरज नाही.

आणि आभाळ भरलं तर सावध राहा. वारा पडला तर जास्तच.

आशीर्वाद आहेत. मी त्यांना लायक आहे का ते तू ठरव.

मामा

दि. ९ ऑक्टोबर

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार. आज मस्करी सुचत नाही.

तू सांगितलंस तसंच केलं. सगळ्या बायका दाराजवळ जमल्या होत्या, मी पट्टी काढली आणि खात्याच्या कागदांची थाप मारली. थोरलीने पट्टी हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाली, खळीचा वास येतोय, ताजी आहे. मी मान खाली घातली. ती रागावली नाही, पण पट्टी माझ्या मांडीवर परत ठेवली. म्हणाली, कागद कुणीही कापतं. खातं काय वाट्टेल ते लिहितं. ज्याचा हात आहे त्याने येऊन सांगावं, मग काठी बदलू.

तिला ठाऊक आहे का? मला वाटत नाही. पण तिने हे सांगताना माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून उठलेच.

आभाळ परवापासून भरलंय. पान हलत नाही. तळी इतकी स्वस्थ पडलीत की ढगांचा रंगसुद्धा त्यांच्यात जसाच्या तसा दिसतो, आणि मला संध्याकाळी बांधावर बसून हे सगळं स्वप्नात चाललंय असं वाटतं. पण आज सकाळी थोरलीच्या तळ्यात अकरा मासे उलटे होते. माझ्या सांगण्यावरून निम्म्या जणींनी शेण थांबवलं. उरलेल्या काठी बघतात, काठी म्हणते घाला, त्या घालतात. त्यांचं काय चुकलं? त्या तुझंच ऐकताहेत.

मी तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. रागावले आहे, थोडी. बावीस वर्षांपूर्वीच्या माशांबद्दल नाही. या पट्टीबद्दल. आम्हाला वाटायचं तू पाण्याला भितोस, म्हणून आम्हा पोरांना नदीवर न्यायला नाही म्हणायचास. तू पाण्याला भीतच नाहीस मामा. तू माणसांना भितोस.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझं आहे. पण ये. हाताचं माप नको, हात घेऊन ये. हे पत्र मी आजच बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, म्हणजे परवापर्यंत पोचेल. वारा सुटला नाही तर आमच्याकडे फार दिवस नाहीत.

तुझीच,
भिंगरी

दि. ११ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,

आशीर्वाद. घाईत आहे. हे पत्र त्याच्याच खिशात घालून पाठवते, वाटेत त्याने उघडून वाचलं तर वाचू दे, त्यात त्याला माहीत नाही असं काही नाही.

त्याने सकाळपासून बॅग तीनदा भरली आणि दोनदा उपसली. शेवटी मी कुलूप घालून किल्ली माझ्याकडे ठेवली. आता त्याला कपडे बदलायचे तर माझ्याकडे यावं लागेल, किंवा तिकडे जाऊन कुणाकडून तरी कुलूप तोडून घ्यावं लागेल. तोडा खुशाल. दुकान मी बघते, खळ मला त्याच्याहून चांगली शिजवता येते.

तिथे पोचल्यावर त्याला आधी चहा दे. रिकाम्या पोटी तो लगेच हार मानतो. आणि त्याच्या शेजारी उभी राहा, पण त्याच्या वतीने बोलू नकोस.

माया आहेच. यावेळी दोघांत वाटून घ्या.

मामी

दि. १६ ऑक्टोबर

सौ. घरच्या मालकीणबाईंस,

नवऱ्याचे आशीर्वाद म्हणावेत की नमस्कार, या खेपेला मलाच कळत नाही. दोन्ही घे. आधी निकाल सांगतो, म्हणजे हातातला चहा गार होणार नाही. दोन तळी गेली, बत्तीस वाचली. काल दुपारी वारा सुटला. भिंगरी गोदामात पोत्यांवर झोपली आहे, सकाळपासून उठलेली नाही. कुलूप थोरलीच्या नवऱ्याने तोडलं.

आता पहिल्यापासून. बस संध्याकाळी पोचली. बांध तोच होता, स्वप्नातल्यासारखाच, फक्त संपला. दारापाशी तीसएक बाया उभ्या होत्या. मी बसमध्ये सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं, क्षमेचे शब्द, सगळं. तिथे गेलो आणि ते सगळं बाजूला राहिलं. भिंगरी शेजारी उभी, तुझं ऐकून गप्प. मग मी बाही वर केली, बांधावर पालथा झोपलो आणि हात पाण्यात घातला. त्यांची काठीही शेजारी धरली.

तळवा इतक्यात दिसेनासा झाला. मनगटाच्या वर चार-पाच बोटं पाणी गेलं, तेवढ्यातच. काठीची खाच तिथेच कुठेतरी टेकली, आणि माझं कोपर पाण्याच्या वर वीतभर कोरडं. एवढंच त्यांना दाखवायचं होतं. पाणी गार नव्हतं, कोमट होतं, आजारी माणसाच्या अंगासारखं. मी तसाच पडून राहिलो, कारण उठलो तर तोंडं बघावी लागली असती.

थोरली माझ्याजवळ येऊन बसली. मला ती आठवत होती, अंधूक, एक घुंगट आणि शेणाची पाटी. तिने आधी हात बघितला, मग माझं तोंड. मग जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला ते बदलायचं नाही. ती म्हणाली, "मास्तर, मासे मेले त्याचं आम्ही चार दिवस रडलो आणि विसरलो. पण तुम्ही अर्धंच सांगून गेलात."

मला कळेना. मग तिने सांगितलं. शेण कसं घालायचं ते मी आधीच सांगितलं होतं, हाताचं माप सांगितलं होतं, आणि आभाळ भरल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी, दिवस कलला म्हणून, पुरुषांना म्हणालो होतो की पाणी बिघडलं तर काय करायचं ते उद्या सकाळी सांगतो. दुसऱ्या सकाळी चारी बाजूंना मेलेले मासे होते आणि त्या सगळ्या दारापाशी येऊन बसल्या होत्या. मास्तर सांगणार म्हणाला आहे, येईल. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसल्या होत्या. मी तेव्हा बसमध्ये होतो.

मला हे आठवत नव्हतं, खरं सांगतो. बाकीचं सगळं बावीस वर्षं रोज आठवलं, तेवढं मात्र नाही. त्या मला शिव्या देत असतील असं मी धरून चाललो होतो. त्या वाट बघत होत्या.

उठून बसलो. अंधारून आलं होतं, बाया दिवसभराच्या दमलेल्या, घरी चुली पेटायच्या होत्या. आणि मास्तरांची खोड बघ, तोंडातून आलंच की आता उशीर झाला, उद्या सकाळी. पण पुढचा शब्द मी गिळला. म्हटलं, "नाही. आत्ताच सांगतो."

कुणीतरी कंदील आणून खांबाला अडकवला. मी सांगितलं. मासे पहाटे तोंड वर करून उभे राहिले तर ते हवा खात नाहीत, त्यांचा जीव जातोय. मूठभरही खाद्य टाकायचं नाही. शेण बंद. दार उघडून ताजं पाणी घ्यायचं, आणि सगळ्यांनी मिळून पाणी हलवायचं, फांद्यांनी झोडपायचं, बादल्यांनी उंचावरून ओतायचं, जे हाताशी असेल त्याने, सूर्य वर येईपर्यंत. वारा नसेल तर आपण वारा व्हायचं. त्यांनी प्रश्न विचारले. एकीने विचारलं लहान मुलं पाण्यात नाचली तर चालेल का. म्हटलं, उत्तम. भिंगरीची ताटली मी सगळ्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की हात माणसागणिक वेगळा असतो आणि काठी झिजते, दोरीवरच्या खुणा मात्र सगळ्यांना सारख्या. थोरलीने ताटली घेतली. काठीही ठेवली, ते तिचं ती बघेल.

तीन पहाटा आम्ही पाणी झोडपलं. माझा खांदा गेलाय. तुला चोळावा लागेल.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या संध्याकाळचं. सगळं सांगून झालं तेव्हा थोरलीने विचारलं, राहिलं का काही अजून. मी आठवून पाहिलं. म्हटलं, नाही, एवढंच होतं. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली की मग झालं तर, आता जायचं तर जा. मला त्या गावातून कुणी जा म्हटलं नव्हतं गं, मी आपला आपणच गेलो होतो. तिने जा म्हटलं आणि माझे पाय उचलेनात.

तर आणखी आठ दिवस राहतो आहे. दुकान तुझ्या हाती बरं चाललं असेल. लोभ होताच, त्याला बावीस वर्षांचं बोलणं देणं लागतो, ते आल्यावर एकेक करून.

तुझा,
मास्तर